कपाटांतला कारभारी

दिवाळी सरली म्हणजे आमच्या अंजनगांव सुर्जीच्या वाटा पांढऱ्या होऊं लागतात. कापसाच्या गाड्या जिनाकडे निघतात, कडेच्या बाभळींना रुईचे पुंजके अडकून राहतात, आणि गांवाबाहेरच्या कारखान्यांची घरघर रात्रीं माडीवर निजलें असतां स्पष्ट ऐकूं येते. बाहेरगांवच्या वाचकांस आमचें गांव ठाऊक असेल तें बहुधा इतिहासाच्या पुस्तकावरून. १८०३ सालच्या ३० डिसेंबरास दौलतराव शिंद्यांनीं इंग्रजांशीं येथें तह केला, एवढी एक ओळ शाळेंत पाठ केलेली असते. आम्हांस मात्र गांव म्हटलें कीं शहानूर नदी, देवनाथांचा मठ, पानमळे, पानपिंपळी आणि हिवाळ्यांतला कापूस हींच आठवतात. त्या कापसाच्याच ओघानें या महिन्यांत एका अशा विषयाकडे वळावयाचें आहे कीं जो प्रथमदर्शनीं पुष्कळांस परका वाटेल. कारखान्यांतील यंत्रें ज्याच्या हुकुमानें चालतात त्या नियंत्रकाला बाहेरच्या तारा कशा जोडाव्या, हा तो विषय होय. हें काम आमच्या-तुमच्या घरचीं मुलें करीत आहेत. तेव्हां त्यांच्या ताटांत वाढणारांनीं त्यांच्या कामाची थोडी ओळख करून घ्यावी, यांत वावगें कांहीं नाहीं.

कापूस रेच्यांत घातला म्हणजे सरकी व रुई निराळी होते, हें वऱ्हाडांतल्या पोरासोरांसही माहीत आहे. पुढें ती रुई प्रेसमध्यें दाबून तिची गठाण बांधतात. एका गठाणीचें वजन सुमारें १७० किलो. आतां हें दाबण्याचें काम तेलाच्या दाबानें चालणारा दट्ट्या करितो, आणि त्याला 'पुढें हो, मागें हो' असें सांगणारें एक लहानसें उपकरण भिंतीलगतच्या लोखंडी कपाटांत बसलेलें असतें. त्यास कारखान्यांत सगळे पीएलसी म्हणतात, आणि आम्हीही तेंच म्हणूं. मराठी प्रतिशब्द घडविण्याची हौस आम्हांस आहे. परंतु ज्या शब्दानें हांक मारली असतां कामकरी मान वर करीत नाहीं, तो शब्द संकटाच्या वेळीं निरुपयोगी होय.

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. आमचा पुतण्या विद्युत् शाखेची पदविका घेऊन तालुक्यांतील एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांत उमेदवारी करीत होता. एके दिवशीं दुपारीं प्रेसच्या पेटीचें दार उघडें होतें. आंत रुईचा बोळा अडकला होता, तो काढण्यास एका कामकऱ्यानें हात घातला. दार उघडें असतां दट्ट्या हलावयाचा नाहीं अशी तजवीज पीएलसींत केलेली होती, आणि तो मनुष्य सहा हंगाम त्याच भरंवशावर हात घालीत आला होता. पलीकडच्या बाजूच्या माणसास तें दार दिसत नव्हतें. त्यानें सवयीनें सुरू करण्याचें बटण दाबलें, आणि दट्ट्या हलला. म्हाताऱ्या मिस्त्रीनें धांवत जाऊन मुख्य स्विच खालीं ओढला म्हणून हात वांचला. दोन बोटें मात्र गेलीं.

पुतण्या त्या रात्रीं घरीं आला तो हातपाय न धुतांच ओसरीवर बसून राहिला. वहिनींनीं वाढलेलें पान तसेंच निवून गेलें. शेवटीं हकीकत बाहेर पडली तेव्हां वहिनी एवढेंच म्हणाल्या, "उद्यांपासून तिकडे जायचं नाहीं. चार घरचीं ट्यूशनं कर, पण त्या यंत्रापाशीं उभा राहूं नकोस." दादा नेहमींप्रमाणें गप्प. आमच्या आईनें जप थांबवून विचारलें, "त्या माणसाच्या घरीं कोण कोण आहे रे?" याचें उत्तर कोणासच देतां येईना, आणि त्याची आम्हां सर्वांस लाज वाटली. मग पुतण्याच म्हणाला, "आई, यंत्र बिघडलं नव्हतं. पीएलसीही ठीक होता. तार उलट्या विचारानं जोडली होती." त्यानें जमाखर्चाच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर आकृति काढून आम्हांस जें समजावून दिलें, आणि नंतर आम्हीं चार पुस्तकें पाहून व जाणत्यांस विचारून त्यांत जी भर घातली, तेंच पुढें देत आहों.

पीएलसी हा घरांतल्या कारभाऱ्यासारखा समजावा; मात्र हा कारभारी आंधळा, बहिरा, आणि कपाटांत कोंडलेला. बाहेर काय चाललें आहे हें त्याला फक्त तारांवरून कळतें, आणि त्याचें म्हणणें बाहेरच्यांस कळतें तेंही तारांवरूनच. बातमी आणणाऱ्या तारा ज्या टोकांस येतात त्यांस इनपुट म्हणतात. तेथें बटणें, दारावरचे लिमिट स्विच, लोखंड जवळ आलें कीं ओळखणारे प्रॉक्सिमिटी सेन्सर हे जोडलेले असतात. हुकूम नेणाऱ्या तारा जेथून निघतात तीं आउटपुटें. त्यांवर मोटारीचा कॉन्टॅक्टर, तेलाची झडप ओढणारा सोलेनॉइड, दिवा, भोंगा असे असतात. कारभारी दर क्षणीं सर्व बातम्या वाचतो, आपल्या लिखित आज्ञावलीशीं ताडून पाहतो, हुकूम सोडतो, आणि पुन्हां पहिल्यापासून आरंभ करितो. एक फेरा एका सेकंदाच्या लहानशा अंशांत पुरा होतो. इतका तत्पर व इतका निर्विकार नोकर दुसरा मिळावयाचा नाहीं. परंतु त्याला खोटी बातमी दिली तर तो तितक्याच तत्परतेनें खोटा हुकूम देतो.

हें प्रकरण फार जुनें नाहीं. मोटारीचा नमुना बदलला कीं कारखान्यांतले शेंकडों रिले व त्यांच्या तारा उपसून नव्यानें जोडाव्या लागत. त्या कटकटीस कंटाळून अमेरिकेंतील जनरल मोटर्स कंपनीच्या हायड्रामॅटिक विभागानें १९६८ सालीं नव्या धर्तीच्या नियंत्रकाची मागणी केली. डिक मॉर्ले व त्यांच्या बेडफर्ड असोशिएट्समधील सहकाऱ्यांनीं जो पुरविला त्याचें नांव 'मॉडिकॉन ०८४'. तो त्यांचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून हा आंकडा. आमच्याकडे जिनांचें रूप पालटलें तें पुष्कळ पुढें. २००० सालीं भारत सरकारनें कापूस तंत्रज्ञान मोहीम सुरू केली, आणि तिच्या एका शाखेच्या साहाय्यानें जुनीं जिनें व प्रेस नव्या धर्तीवर उभीं राहिलीं. कपाटाच्या आंतल्या रिलेंचें जाळें त्यामुळें गेलें हें खरें. परंतु कपाटाबाहेरच्या तारा जशाच्या तशा राहिल्या, आणि त्यांना उंदीर, धूळ, तेल व माणसाची घाई हीं पूर्वींसारखींच भोंवतीं आहेत.

आतां त्या दाराकडे वळूं. दार उघडलें कीं तेथला स्विच मिटे व पीएलसीला 'दार उघडें आहे' असा २४ व्होल्टांचा संदेश मिळे. दार बंद असेल तेव्हां संदेश नाहीं. उंदरानें ती तार मध्येंच कुरतडली. त्यानंतर दार उघडें असो वा मिटलेलें, कारभाऱ्यास कांहींच ऐकूं येईना. आणि ऐकूं न येणें याचा अर्थ त्याच्या लेखीं 'दार बंद आहे, खुशाल चालूं दे' असा होता. जोडणाऱ्यानें दुष्टबुद्धीनें केलें असें नव्हे. यंत्र दिलें त्या दिवशीं त्यानें दार उघडून दाखविलें, दट्ट्या थांबला, सर्वांनीं माना डोलविल्या. तार तुटल्यावर काय होईल हें कोणीं पाहिलेंच नाहीं.

जुन्या काळीं गांवोगांव रात्रीं जागल्या फिरे, तो ठराविक वेळानें हाळी देई. लोक ती ऐकून कूस बदलून निजत. हाळी आली नाहीं तर मात्र उठून काठी घेऊन बाहेर पडत. चोर आल्यावर ओरडण्याचें काम जागल्याकडे दिलेलें नव्हतें, कारण चोर प्रथम जागल्याचेंच तोंड बांधील हें आमच्या पूर्वजांस चांगलें ठाऊक होतें. तारांच्या जोडणींत हेंच तत्त्व आहे. ज्या बातमीवर मनुष्याचा जीव अवलंबून आहे ती बातमी 'सर्व ठीक आहे' या रूपानें अखंड येत राहिली पाहिजे, आणि ती थांबतांच यंत्र थांबलें पाहिजे. म्हणून दारावरचा स्विच असा बसवावा कीं दार नीट मिटलें असतांनाच २४ व्होल्ट पोंचतील. थांबविण्याचें बटण असें असावें कीं न दाबलेल्या स्थितींत त्यांतून प्रवाह वाहत राहील व दाबतांच तुटेल. अशा संपर्कास कारखान्यांत 'एनसी' म्हणतात. चालू करण्याचें बटण मात्र याच्या उलट, म्हणजे दाबल्यावर मिटणारें, ज्यास 'एनओ' म्हणतात. मग तार तुटो, स्क्रू ढिला होवो, २४ व्होल्टांचा पुरवठा बंद पडो, प्रत्येक अपघाताचा शेवट यंत्र थांबण्यांतच होतो. गठाण उशीरां बांधली जाईल, मालक कुरकुरेल; बोटें शाबूत राहतील.

दाब मोजणाऱ्या उपकरणांतही हीच युक्ति आहे आणि ती आम्हांस फार आवडली. ० ते २५० बार दाब मोजणारें मापक असेल तर शून्य दाबास तें शून्य प्रवाह देत नाहीं, ४ मिलिअँपिअर देतें. पूर्ण दाबास २०, आणि निम्म्या दाबास १२. म्हणजे यंत्र स्वस्थ असतांही मापक ४ मिलिअँपिअरची हाळी देतच असतें. प्रवाह त्याच्याही बराच खालीं गेला तर दाब कमी झालेला नसून तार तुटली आहे हें कारभाऱ्यास उमगतें. आज्ञावली लिहिणारानें तें उमजून घेण्याची सोय ठेविली पाहिजे, हें सांगणें नकोच.

येथें एक सूक्ष्म गोष्ट आहे, ती सोपी करून सांगण्याचा यत्न करितों. सेन्सर दोन जातींचे मिळतात. पीएनपी जातीचा सेन्सर बातमी द्यावयाची तेव्हां तारेवर अधिक २४ व्होल्ट ठेवितो. एनपीएन जातीचा तीच तार खालीं शून्याकडे ओढतो. दुकानदार दोन्ही सारखेच म्हणून सांगतो, व किंमतही जवळजवळ सारखीच असते. परंतु कपाटांतील शून्य व्होल्टाचें टोक एका ठिकाणीं जमिनीशीं, म्हणजे अर्थशीं, जोडण्याची रीति आहे, आणि ती चांगली रीति आहे. आतां तारेचें आवरण घांसून ती यंत्राच्या लोखंडास टेंकली अशी कल्पना करा. पीएनपीच्या जोडणींत बातमीची तार अशी जमिनीस लागली तर बातमी नाहींशी होते, किंवा फ्यूज उडतो. दोन्ही परी यंत्र थांबतें. एनपीएनच्या जोडणींत मात्र तार जमिनीस लागणें म्हणजेच बातमी येणें! कोणी नसतां कारभाऱ्यास 'कोणी आहे' असें ऐकूं येतें. आउटपुटाचेंही असेंच आहे. सोलेनॉइडला अधिक २४ व्होल्ट कायम देऊन त्याचें शून्याचें टोक पीएलसीनें जोडावें-तोडावें अशी रचना केली, तर तें टोक वाटेंत कोठेंही लोखंडास टेंकतांच हुकुमावांचून झडप उघडेल. सबब अधिकाची बाजू पीएलसीनें तोडावी, आणि शून्याची बाजू कायम जोडलेली असावी. नवें यंत्र घेतांना हा एकच प्रश्न विचारला तरी विकणाराची परीक्षा होते.

इनपुटाचा कान किती तिखट असावा याचेंही माप ठरलेलें आहे. आंतरराष्ट्रीय मानकांतील पहिल्या वर्गाचें २४ व्होल्टांचें इनपुट १५ व्होल्टांच्या वर 'आहे' असें वाचतें, ५ च्या खालीं 'नाहीं' असें. मधल्या प्रदेशांत तें काय वाचील याचा नेम नाहीं. दोनच तारांचे जे सेन्सर असतात ते बंद स्थितींतही थोडा प्रवाह झिरपूं देतात, आणि तेवढ्यानें एखादें हलकें इनपुट त्या संशयाच्या प्रदेशांत जाऊन पोंचतें. २३० व्होल्टांची मोटारीची तार व २४ व्होल्टांची बातमीची तार एकाच नळींतून लांबवर नेल्या तरी असाच प्रकार घडतो; मोठ्या तारेंतील चढउतार धाकट्या तारेंत उमटतात. जेवतांना सोवळें-ओवळें मानावें कीं नाहीं यावर आमच्या घरांत दोन पक्ष आहेत, पण तारांच्या बाबतींत आम्ही कडकडीत सोवळे आहों. मोठ्या प्रवाहाच्या तारा एका मार्गानें, बातमीच्या दुसऱ्या, आणि मध्यें अंतर. एकमेकींस ओलांडणें भागच पडलें तर काटकोनांत ओलांडावें. ४ ते २० मिलिअँपिअरच्या तारेवर जें जाळीचें वेष्टण असतें तें सामान्यतः कपाटाच्या बाजूनें एकाच टोकास अर्थशीं जोडतात. दोन्ही टोकें जोडलीं तर दोन ठिकाणच्या जमिनींत जो फरक असतो त्याचा प्रवाह त्या वेष्टणांतून वाहूं लागतो.

आउटपुटांकडे वळल्यावर पहिला नियम असा कीं कारभाऱ्याच्या हातानें मोळी उचलूं नये. त्याच्या अंगांतले रिले नाजूक. एका संपर्कास अँपिअर-दोन अँपिअर झेपतात, ट्रान्झिस्टरास बहुधा त्याहूनही कमी. मोठा कॉन्टॅक्टर थेट त्यावर न घालतां मध्यें एक मजबूत रिले ठेवावा. बिघडला तर अल्प किंमतींत बदलतां येतो. प्रत्येक गटास निराळा फ्यूज असावा, नाहीं तर एका दिव्याच्या दोषानें सगळा कारखाना अंधारांत बसतो.

दुसरी गोष्ट सोलेनॉइडची. तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्यांतून प्रवाह वाहत असतां तें चुंबक होऊन झडप ओढतें. प्रवाह एकाएकीं तोडला म्हणजे तें आपल्या पोटांतला सांठा बाहेर फेंकतें. भरधांव बैल अवचित थांबले म्हणजे गाडींतलीं पोतीं पुढें येतात, तसें. हा झटका शेंकडों व्होल्टांचा असूं शकतो. त्यानें ट्रान्झिस्टर जळतो, रिलेचे संपर्क ठिणग्यांनीं झिजतात. उपाय दोन-चार रुपयांचा आहे. एकदिक् प्रवाहाच्या गुंडाळ्यास एक डायोड उलट दिशेनें समांतर जोडावा, रेघेची बाजू अधिकाकडे. तो जितका गुंडाळ्याजवळ तितका चांगला. उलटा बसला तर पहिल्याच हुकुमास शॉर्ट होईल, म्हणून बसवितांना दोनदां पाहावें. २३० व्होल्टांच्या प्रत्यावर्ती प्रवाहास डायोड चालत नाहीं. तेथें संधारक व रोध यांची जोडी किंवा व्हॅरिस्टर लावतात. डायोडामुळें झडप सुटण्यास किंचित् उशीर लागतो, हेंही ध्यानांत असूं द्यावें. जेथें तेवढा उशीर घातक तेथें झेनर घातलेली निराळी योजना करावी.

ठिणग्यांनीं झिजलेले संपर्क कधीं कधीं एकमेकांस चिकटून बसतात, आणि इकडे कारभाऱ्यानें 'थांब' म्हटलें तरी तिकडे यंत्र चालूंच राहतें. म्हणूनच आणीबाणीचें लाल बटण, तें पिवळ्या पार्श्वभूमीवरचें छत्रीसारखें, त्याचा हुकूम साध्या पीएलसीच्या मर्जीवर कधींही सोडूं नये. त्या बटणानें प्रवाह थेट तुटला पाहिजे. चांगल्या रचनेंत तें बटण एका स्वतंत्र सुरक्षा-रिलेकडे जातें, तो रिले एकामागें एक जोडलेले दोन कॉन्टॅक्टर सोडतो, आणि दोहोंपैकीं एक चिकटला असेल तर तें ओळखून पुन्हां सुरू होण्यास नकार देतो. पीएलसीस बटण दाबल्याची फक्त वर्दी जाते. सुरक्षेसाठींच घडविलेले खास पीएलसी हल्लीं मिळतात, त्यांची गोष्ट निराळी. परंतु साध्यास ती जबाबदारी देणें म्हणजे मुनीमास तिजोरीची एकुलती एक किल्ली देण्यासारखें आहे. आमच्या हकीकतींतील प्रेसचें लाल बटणही पीएलसीच्या पोटांतूनच गेलेलें होतें असें पुढें आढळलें. म्हातारा मिस्त्री त्या बटणाकडे न जातां मुख्य स्विचाकडे धांवला, कारण विचारलें तेव्हां म्हणाला, "त्या लाल बटणावर आपला विश्वास नाहीं जी, त्यानं पहिलेबी एकदा दगा देल्ला होता." मग त्याच वेळीं कोणास सांगितलें कां नाहीं, हा प्रश्न आमच्या ओंठांपर्यंत आला, परंतु ज्याच्यामुळें एका माणसाचा हात राहिला त्यास तो विचारण्याचें धैर्य झालें नाहीं.

वऱ्हाडांत वीज जाणें व येणें हा नित्याचा प्रसंग. वीज गेली असतां लोक यंत्रांत हात घालतात, आणि ती येते तेव्हां पूर्वसूचना देऊन येत नाहीं. म्हणून आलेल्या विजेबरोबर यंत्र आपोआप सुरू होतां कामा नये; कोणीतरी पुन्हां बटण दाबलें तरच तें हलावें. आणीबाणीचें बटण पिळून सोडविल्यावरही हाच नियम. फिरवून ठेवावयाचा स्विच चालू करण्यासाठीं लावला कीं हा नियम मोडतो. तेथें दाबून सोडावयाचें बटणच पाहिजे.

रंगांविषयीं थोडें अधिक लिहितों, कारण येथें आमच्या देशांत एक खास सापळा आहे. आपल्याकडे तीन फेजांचे रंग तांबडा, पिवळा व निळा, न्यूट्रल काळा, अर्थ हिरवा. परदेशाहून येणाऱ्या यंत्रांच्या कपाटांत आंतरराष्ट्रीय पद्धतीप्रमाणें निळी तार बहुधा एकदिक् नियंत्रणाची, म्हणजे २४ व्होल्टांची. तांबडी प्रत्यावर्ती नियंत्रणाची. काळी मुख्य प्रवाहाची. आणि नारिंगी तार मुख्य स्विच पाडल्यावरही जिवंत राहणारी! म्हणजे आमच्या वायरमनास जी काळी तार निर्धास्त न्यूट्रल वाटते तींत तेथें ४१५ व्होल्टांची फेज असूं शकते, आणि २४ व्होल्टांच्या निळ्या टोकास कोणी आपली निळी फेज जोडली तर सगळें कार्ड एका क्षणांत भस्म. रंगावर विसंबून कोणी हात घालूं नये. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांस नंबराची नळी असावी, आकृतींत तोच नंबर असावा, आणि ती आकृति कपाटाच्या दाराच्या आंतच ठेविलेली असावी; मालकाच्या घरच्या कपाटांत नव्हे.

वीज बंद केली एवढ्यानेंही भागत नाहीं. मुख्य स्विच पाडून त्यास कुलूप लावावें व किल्ली काम करणाराच्या खिशांत असावी. मग परीक्षक प्रथम एखाद्या खात्रीच्या जिवंत तारेवर लावून पाहावा, नंतर कामाच्या तारेवर, आणि पुन्हां त्या जिवंत तारेवर. नाहीं तर परीक्षकच मेलेला असल्यास सर्वच तारा मेलेल्या दिसतात. मोटारीची गति बदलणाऱ्या ड्राइव्हच्या पोटांत वीज गेल्यावरही कांहीं मिनिटें साठा राहतो. तो किती वेळ, हें त्याच्यावरच छापलेलें असतें. आणि प्रेसमध्यें तेलाचा दाब व वर उचललेल्या दट्ट्याचें वजन हीं कोठें जात नाहींत. दट्ट्याखालीं लोखंडी टेकू दिल्यावांचून हात घालणें म्हणजे वीज नसतांही मरण आहे.

रुईचा बारीक कचरा ही जिनांची खास व्याधि. तो फटींतून कपाटांत शिरतो, टर्मिनलांवर बसतो, दमट दिवसांत विजेस वाट देतो, आणि एक ठिणगी पडली कीं पेटतो. म्हणून केबल आंत येते त्या प्रत्येक भोंकास घट्ट ग्लँड पाहिजे, रिकाम्या भोंकास बूच पाहिजे. बहुपदरी तारेचा एखादा पदर बाहेर राहिला तर शेजारच्या टर्मिनलास लागतो. टोकास दाबून बसविलेली नळी घालूनच ती स्क्रूखालीं द्यावी. कापूस दाबण्याच्या कारखान्यांतला धोका कायदे करणारांनीं फार पूर्वींच ओळखला होता. १९४८ च्या कारखाने कायद्यांत, रुई मोकळी करणारें यंत्र चालू असेल त्या भागांत स्त्रिया व मुलें यांस कामास ठेवूं नये असें एक स्वतंत्र कलमच घातलेलें होतें. लोखंडी कपाटाच्या आंतली तार कशी असावी हें मात्र कायद्यापेक्षां जोडणाराच्या सचोटीवरच अधिक अवलंबून राहतें.

आतां घरची गोष्ट पुरी करितों. वहिनींचा निश्चय चार दिवस टिकला. पांचव्या दिवशीं कारखान्याचे मालक स्वतः घरीं आले. जखमी माणसाच्या औषधोपचाराचा व बसल्या काळच्या मजुरीचा बोजा आपण उचलला आहे असें त्यांनीं सांगितलें, आणि मुलास परत पाठवावें म्हणून विनंती केली. आम्हीं त्यांस एकच गोष्ट म्हटली: मुलगा येईल, परंतु सगळ्या तारा एकदां तपासून होईपर्यंत प्रेस चालवूं नये. ऐन हंगामांत हें म्हणणें सोपें नव्हतें आणि मान्य करणें त्याहून कठीण. त्यांनीं तीन दिवस दिले. अमरावतीहून एक जाणता माणूस आला, पुतण्या त्याच्या हाताखालीं राबला. दाराचा स्विच बदलून त्याच्या दोन स्वतंत्र वाटा केल्या, लाल बटण पीएलसींतून काढून सुरक्षा-रिलेकडे नेलें, नळ्यांवर नंबर चढले. मग मोटारीचे फ्यूज काढून ठेवून एक जण प्रत्येक बटण व स्विच हातानें हलवी आणि दुसरा कपाटापाशीं तो तो दिवा लागतो-विझतो कीं नाहीं तें मोठ्यानें ओरडून सांगे. आणि प्रत्येक महत्त्वाची तार मुद्दाम सोडून यंत्र काय करितें तें पाहिलें. ही शेवटची परीक्षा पहिल्या वेळीं कोणीं घेतली नव्हती.

तेव्हांपासून दर वर्षीं खंडेनवमीस यंत्रांची पूजा होते त्याच्या आदल्या दिवशीं ही तपासणी होते. गेल्या वर्षीं पुतण्यानें आम्हांस ती पाहावयास नेलें. तो कामकरी आतां वजनकांट्यावर बसतो. तोही उठून प्रेसपाशीं आला होता. दाराच्या तारेची पाळी आली तेव्हां त्यानें पुतण्याच्या हातांतून पेंचकस घेतला आणि उरलेल्या बोटांत तो नीट धरून ती तार स्वतः सोडली. मिस्त्रीनें पलीकडून बटण दाबलें. दट्ट्या हलला नाहीं. त्यानें पुन्हां एकदां दाबावयास सांगितलें. तेव्हांही तो हलला नाहीं. मग त्यानें तार परत बसविली, स्क्रू आवळला, ओढून पाहिली, आणि बाहेर गाड्या उभ्या होत्या म्हणून कांट्यावर निघून गेला.